ए३२० सिम्युलेटरमध्ये डिसेंट: ऑटोपायलटला कधी टोकावं, कधी नाही

“ऑटोपायलट स्पीड धरत नाही, ॲडऑन (सिम्युलेटरमध्ये वेगळं बसवलेलं विमान) बोगस आहे.” डिसेंटबद्दलची, म्हणजे उतरणीबद्दलची, ही ओरड सारखी कानावर येते, आणि उपाय म्हणून कोणीतरी हमखास सांगतं: व्हर्टिकल स्पीड (मिनिटाला किती फूट उतरायचं ते ठरवून देणारा मोड) लावा, १८०० ठेवा, झालं. हा सल्ला कृपया ऐकू नका. बहुतेक वेळा विमान खऱ्या एअरबससारखंच वागत असतं.

उदाहरणाला नागपूर–मुंबई घेऊ. उंची ३६,००० फूट, उतरायचं धावपट्टी २७ वर, विमान फ्लायबायवायर, फेनिक्स किंवा टोलिस या ॲडऑन बनवणाऱ्यांपैकी कोणाचंही ए३२०. रूट, अरायव्हल (विमानतळाकडे येण्याचा ठरलेला मार्ग), आयएलएस (धावपट्टीवर उतरवणारी रेडिओ यंत्रणा) सगळं एमसीडीयूत, म्हणजे फ्लाइट कॉम्प्युटरच्या कीपॅड-पडद्यात, भरलंय असं धरतो. डिसेंटचे वारे मात्र भरलेत का, ते बघा. पाठीमागून ४० नॉटचा वारा असेल आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसेल, तर त्याने आखलेला उतरणीचा मार्ग आधीच चुकीचा असतो.

टॉप ऑफ डिसेंट (उतरण सुरू करायचा बिंदू) तोंडी तपासा: ३६ (हजार फूट) गुणिले ३, म्हणजे १०८ नॉटिकल मैल, वर वेग उतरवायला दहा. ११८ च्या आसपास आकडा हवा. फारच वेगळा दिसला तर एखादं उंचीचं बंधन किंवा रूटमधली तुटलेली जागा शोधा.

तो बिंदू आला तरी एअरबस आपणहून खाली जात नाही. बोईंग ७३७ चा व्हीनॅव्ह (तिथला उंची सांभाळणारा मोड), खालची उंची आधी लावलेली असेल तर, स्वतः निघतो. त्याची सवय असलेले इथे वाट बघत बसतात. एफसीयूवर (समोरच्या ऑटोपायलट पॅनलवर) उंची लावा आणि नॉब दाबा. ओढू नका. दाबला की डीईएस (कॉम्प्युटरने आखलेल्या मार्गाने उतरणारा मोड), ओढला की ओपन डिसेंट (मार्ग न बघता वेग धरून उतरणारा).

आता खरी मेख. हे डोक्यात बसायला मलाही बराच काळ लागला. डीईएसमध्ये विमानाचं नाक मार्ग धरतं, इंजिनं आयडलवर असतात, आणि वेगाला मोकळीक असते. घाटात गाडी आयडलवर सोडली तर रस्ता ठरलेला असतो आणि वेग उतार ठरवतो, तसंच. म्हणून स्पीड टेपवर एक आकडा न दिसता दोन गुलाबी खुणा दिसतात, साधारण लक्ष्याच्या वीस नॉट वर आणि वीस खाली. लक्ष्य २९० असताना विमान ३०५ ने चाललंय? चालू द्या. घाबरून स्पीड नॉब ओढू नका.

एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दहा मैल उशिरा सोडलं तर तुम्ही मार्गाच्या सुमारे ३,००० फूट वर असता. उंचीच्या पट्टीवरचं हिरवं वर्तुळ, म्हणजे मार्ग कुठे आहे ते दाखवणारी खूण, तळाला चिकटतं. ते पाचशे फुटांपलीकडे दाखवतच नाही, खरा आकडा एमसीडीयूच्या प्रोग्रेस पानावर बघा. विमान नाक खाली घालतं, वेग वरच्या खुणेला टेकतो, आणि त्यानंतर ते मार्गाचा नाद सोडून तो वेग सांभाळतं. इथे स्पीडब्रेक (पंखांवरच्या, हवेला अडवणाऱ्या फळ्या) लागतो. पण एकदा मार्गावर आलात की तो आत घ्या, कारण मार्गावर असताना स्पीडब्रेकने उतरण वाढत नाही, फक्त वेग पडतो, आणि खालच्या खुणेशी पोचला की ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) इंजिनं वाढवतो. ब्रेक बाहेर आणि इंजिनं जोरात, हे दृश्य मी इतक्यांच्या व्हिडिओत पाहिलंय की आता हसूही येत नाही.

फारच वर असाल तर नॉब ओढून ओपन डिसेंट घ्या, वेग वाढवा, स्पीडब्रेक बाहेर काढा. इथे नाक वेग धरतं, त्यामुळे ब्रेकने खरोखर उतरण वाढते. फक्त मधली उंचीची बंधनं हा मोड जुमानत नाही. ती तुमची जबाबदारी.

उलट, दहा मैल आधी निघालात तर डीईएस मिनिटाला हजार फुटांनी रेंगाळतो, मार्ग भेटेपर्यंत. हाही बिघाड नाही.

आणि ते व्हर्टिकल स्पीड? वरच्या पातळीला त्यात वेगाचा कोणीच वाली नसतो. इंजिनं आयडलला गेली की ऑटोथ्रस्टकडे करण्यासारखं काही उरत नाही आणि वेग चढत राहतो.

तुमचं ॲडऑन किती खरं आहे हे बघायचं असेल तर टॉप ऑफ डिसेंटच्या आधी सेव्ह करा. एकदा उशिरा, एकदा लवकर निघा. वर लिहिलंय तसं वागलं तर ठीक. दोन्ही वेळा वेग एकाच आकड्यावर खिळलेला राहिला तर मॉडेल ढोबळ आहे. टाइम ॲक्सिलरेशन चालू ठेवून मात्र ही परीक्षा घेऊ नका.

१०,००० फुटांच्या जरा आधी उतरण मंदावते, २५० नॉटसाठी, सोडून द्या.

मुंबईत शेवटी एटीसीकडून हेडिंग (धरायची दिशा) मिळालं की आणखी एक तपासणी आपोआप होते: नॅव्ह (रूट धरणारा मोड) सुटला की डीईएसही सुटून व्हर्टिकल स्पीडवर यायला हवा. इथे, खाली आल्यावर, तो वापरायला माझी हरकत नाही. ग्राउंडस्पीड गुणिले ५ करा, २५० ला १२५०, आणि इंजिनं आयडलवर असतील तर वेगावर नजर ठेवा. हेडिंगवर असताना अप्रोच फेज (वेग उतरवून लँडिंगची तयारी करणारा टप्पा) आपणहून चालू होत नाही. एमसीडीयूच्या परफॉर्मन्स पानावर ती हाताने ॲक्टिव्हेट करा, नाहीतर ग्लाइडस्लोप (आयएलएसची धावपट्टीकडे नेणारी उतरती रेषा) येईपर्यंत विमान २५० नेच पळत राहील.