बाह्य फ्लॉपी ड्राइव्ह चालेनासा झाल्यास दोष कसा शोधावा

फ्लॉपी वाचली गेली नाही की पहिला संशय ड्राइव्हवर जातो. प्रत्यक्षात दोष तीन ठिकाणी असू शकतो: संगणकाकडून येणाऱ्या विजेत किंवा केबलमध्ये, खुद्द ड्राइव्हमध्ये किंवा फ्लॉपीमध्ये, आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या फ्लॉप्यांच्या बाबतीत तिसरी शक्यता बऱ्याचदा सर्वांत मोठी असते. त्यामुळे ड्राइव्ह उघडण्याआधी या तिन्ही शक्यता एकेक करून तपासाव्यात. त्यासाठी एक अशी फ्लॉपी हाताशी ठेवावी की जिच्यातील मजकूर गेला तरी हळहळ वाटणार नाही. जपून ठेवण्याजोगे काही असलेली फ्लॉपी चाचणीसाठी कधीही वापरू नये. पुढील विवेचन यूएसबी केबलने जोडल्या जाणाऱ्या साडेतीन इंची ड्राइव्हला धरून आहे.

या ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर नसतो. मोटर फिरवण्याची वीजही यूएसबी केबलमधूनच येते. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, आणि स्वतःची वीजजोडणी नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी) तर प्रत्येक पोर्टला जेमतेम १००. दिवा क्षणभर लागून विझणे, किंवा फ्लॉपी आत सरकवताच ड्राइव्ह स्क्रीनवरून नाहीसा होणे, ही वीज अपुरी पडत असल्याची लक्षणे आहेत. हब बाजूला ठेवून ड्राइव्ह थेट संगणकाला जोडावा. तरीही दिवा लागत नसेल, तर केबल जिथे प्लगमध्ये किंवा ड्राइव्हच्या पेटीत शिरते तिथे ती हलकेच वाकवून पाहावी, कारण आतली तार बहुधा तिथेच तुटते. दुसऱ्या संगणकावरही ड्राइव्ह निपचित राहिला तर दोष केबलचा किंवा ड्राइव्हचा आहे. दुसरीकडे तो चालला, तर पहिल्या संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधील, जोडलेल्या उपकरणांची यादी) त्याची नोंद काढून टाकावी आणि ड्राइव्ह पुन्हा जोडावा.

वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी तक्रार असल्यास आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकती खिटी पाहावी. तिथले छिद्र आरपार उघडे असेल तर फ्लॉपीवर लिहिण्यास मज्जाव आहे, आणि ड्राइव्ह आपले काम चोख करीत आहे.

दिवा लागतो, ड्राइव्ह स्क्रीनवर दिसतो, तरीही फ्लॉपी उघडत नाही, अशा वेळी कानांवर भरवसा ठेवावा. निरोगी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाने एकसारखी फिरते, आणि हेड, म्हणजे मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग, फ्लॉपीवरील ८० ट्रॅकवरून (गोलाकार पट्ट्यांवरून) पुढे सरकताना बारीक टिकटिक ऐकू येते. याउलट तोच खटखट आवाज ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर हेडला एखादा सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा छोटा तुकडा, वाचता येत नाही आणि ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करीत आहे, असे समजावे. घासल्यासारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता फ्लॉपी बाहेर काढावी, कारण त्या वेळी चुंबकीय थर खरवडला जात असण्याचा संभव असतो, आणि खरवडलेला थर काही केल्या परत येत नाही.

बाहेर काढलेल्या फ्लॉपीची धातूची पट्टी बोटाने सरकवून, मधली चकती हळू फिरवत, आतला पृष्ठभाग तिरक्या उजेडात पाहावा. चांगला पृष्ठभाग काळपट आणि तुकतुकीत असतो. त्यावर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि गोलाकार चरा दिसला तर हेडने थर घासून काढला आहे. बुरशीची फ्लॉपी तशीच घातली तर घाण हेडवर बसते आणि मागाहून घातलेल्या चांगल्या फ्लॉपीलाही चरे पडतात. म्हणून एक फ्लॉपी वाचली गेली नाही तर हेड साफ केल्याशिवाय दुसरी घालू नये. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ नुकसान टळते.

हेड साफ करण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. हात धुण्याचे सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यातील ग्लिसरीन आणि सुवासिक द्रव्ये मागे राहतात. हेड पुसण्यासाठीच बनवलेली क्लीनिंग फ्लॉपी मिळाल्यास पेटी उघडण्याची गरजच पडत नाही. ती न मिळाल्यास केबल काढून, पेटी उघडून, धागे न सोडणारी काडी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून दोन्ही हेडवरून अलगद फिरवावी. वरचे हेड पातळ स्प्रिंगवर तोललेले असते. ते बोटाने उचलून धरले तर स्प्रिंग वाकते आणि ड्राइव्ह कायमचा निकामी होतो. सर्व काही पूर्ण वाळल्यावरच ड्राइव्ह पुन्हा जोडावा.

एक दोष मात्र फसवा असतो. ड्राइव्ह स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी बिनतक्रार वाचतो, पण इतर ड्राइव्हवर लिहिलेल्या, सुस्थितीतील फ्लॉप्या नाकारतो. याचा अर्थ हेड आपल्या नेमक्या रेषेवरून सरकले आहे. ते जागेवर आणण्यासाठी ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) आणि खास संदर्भ फ्लॉपी लागते, तेव्हा घरच्या घरी स्क्रू फिरवण्याच्या भरीस पडू नये. असा ड्राइव्ह लगेच टाकूनही देऊ नये, कारण त्याने लिहिलेल्या फ्लॉप्या बहुधा त्याच्यावरच सर्वांत नीट वाचल्या जातात. आधी त्या उतरवून घ्याव्यात.

विंडोज फ्लॉपी फॉरमॅट करण्यास सुचवते तेव्हा नकार द्यावा. फाइल एकेक करून उघडत बसण्यापेक्षा संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे सगळ्या फ्लॉपीची एकाच फाइलमधील हुबेहूब नक्कल, घेणे श्रेयस्कर. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी सहज वाचले जाणारे भाग उचलतो आणि अवघड भागांकडे नंतर वळतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा १४,७४,५६० बाइटची असते, त्यामुळे ती पूर्ण उतरली की नाही हे आकारावरून ताडून पाहता येते. मात्र आकार जुळला तरी न वाचलेले सेक्टर राहिले असू शकतात, म्हणून प्रोग्रामची नोंदही पाहावी.

शेवटी, ॲमिगा या जुन्या संगणकाच्या ८८० केबीच्या आणि जुन्या मॅकिंटॉशच्या ८०० केबीच्या फ्लॉप्या यूएसबी ड्राइव्हवर वाचल्या जात नाहीत. त्यांतील लेखनाची रचनाच वेगळी असते आणि ड्राइव्हच्या आतील सर्किटला ती उलगडत नाही. त्यासाठी संगणकाच्या आत बसवला जाणारा जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखे, चुंबकीय संकेत जसेच्या तसे टिपणारे उपकरण लागते.