शेकडो जीन्समधून (जनुकांमधून) आजारामागचा संशयित जीन कसा शोधायचा

रत्नागिरीत पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पबमेडचे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन साठ्यातले, ॲबस्ट्रॅक्ट (पेपरचे सारांश) आधीच डाउनलोड करून ठेवा, मग पबटेटर या मजकुरातली नावं ओळखणाऱ्या टूलने जीन आणि आजारांची नावं काढा आणि ती स्वतः तपासा, कारण कॅट म्हणजे मांजरही आणि जीनही, आणि एक्सेल सेप्ट२ या जीनच्या नावाची चक्क तारीख करायचं म्हणून त्याचं आता सेप्टिन२ झालंय. दोन्ही नावं एकाच आयडीखाली जोडा.

मग बायोबर्टने (जैववैद्यकीय मजकुरावर शिकवलेलं भाषा मॉडेल) त्या मजकुराचे व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या याद्या, करून कुठला जीन कुठल्या आजाराशी जोडलेला असेल ते सांगणारं छोटं न्यूरल नेटवर्क ट्रेन करा.

खरी परीक्षा पुढे. बहिरेपणाशी जोडलेला माहीतच असलेला जीजेबी२ हा जीन ट्रेनिंगमधून लपवा आणि नेटवर्क तो स्वतः शोधतं का बघा; बहिरेपणा आणि जीजेबी२ या दोघांचा एकत्र उल्लेख असलेले पेपरसुद्धा काढा, नाहीतर वरचा थर बघून आंब्याची अख्खी पेटी पास केल्यासारखं होईल. कमी पेपरवाले जीन उगाच मागे पडतात, त्यांची यादी वेगळी बघाच.