आंबेनळीचा माग: छोट्या राज्यमार्गाचा इतिहास कसा शोधावा

माझे आजोबा आंबेनळी घाटात मैलकुली होते. पोलादपूर ते महाबळेश्वर हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा रस्ता. त्यातला आपल्या वाट्याचा तुकडा ते पावसाळ्यात रोज चालायचे. गटार उपसायचं, मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या नळीत, अडकलेला पाला काढायचा, दरडीची माती घमेल्यानं हलवायची. ते गेल्यावर मी या रस्त्याचा इतिहास शोधू लागले. तुमच्याही भागात असा एखादा रस्ता असेल, तर मला ज्या क्रमानं सापडत गेलं तो सांगते.

आधी नावं गोळा करा. आम्ही आंबेनळी म्हणतो, पण इंग्रजांच्या कागदांत हा फिट्झगेराल्ड घाट आहे. सेमूर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव याला दिलं. त्याआधी महाबळेश्वरहून पार गावाकडे उतरणारी वाट रडतोंडी घाटाची. चढताना रडू यावं अशी ती वाट, आणि इंग्रजीत तिचं झालं 'रोटंडा'! हे कळेपर्यंत जुन्या पुस्तकांत ती पानं माझ्या डोळ्यांखालून जात होती आणि मला ओळखू येत नव्हती. म्हणून रस्त्याची, घाटाची, वाटेवरच्या प्रत्येक गावाची जुनी स्पेलिंगं वहीत एका पानावर लिहून काढा.

मग गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांनी काढलेले जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ. आमचा रस्ता दोन जिल्ह्यांतला, त्यामुळे १८८३ चा कुलाबा (आजचा रायगड) खंड आणि १८८५ चा सातारा खंड असे दोन्ही वाचावे लागले. घाटाखालचं एकात, माथ्यावरचं दुसऱ्यात. रस्त्यांची माहिती व्यापाराच्या प्रकरणात असते, शेवटी गावांची वेगळी वर्णनं असतात, दोन्ही बघा. राज्य शासनानं हे खंड इंटरनेटवर ठेवलेले आहेत.

नकाशांसाठी सर्वे ऑफ इंडियाची शीटं. पोलादपूर ४७ जी/५ वर येतं, प्रतापगड आणि महाबळेश्वर ४७ जी/९ वर. एकाच शीटच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की पायवाटेची गाडीवाट कुठे झाली, वळण कुठे बदललं, ते बोट ठेवून दाखवता येतं.

हे झाल्यावर चालायला निघा. गाडीतून मोऱ्या दिसत नाहीत. खाली उतरून बघा: घडीव दगडाची चुन्यातली कमान असेल तर ती जुनी, सिमेंटचा पाईप किंवा स्लॅब असेल तर नंतरचं काम. पार गावाजवळ कोयनेवरचा दगडी पूल शिवकालीन मानतात. तो बघितला की घाट व्हायच्या आधी माणसं कुठून जात असत हे लगेच उमगतं. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा म्हणजे राज्यमार्ग, पिवळा म्हणजे राष्ट्रीय. दगडावरच्या क्रमांकाचा फोटो तारखेसह ठेवा, कारण क्रमांक बदलतात.

क्रमांक का बदलतात, तर १९४३ च्या नागपूर योजनेनं रस्त्यांचे वर्ग ठरवले आणि पुढच्या आराखड्यांत रस्ते एका वर्गातून दुसऱ्यात गेले. बांधकाम खात्याच्या भाषेत ग्रामा (ग्रामीण मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), रामा (राज्यमार्ग). तुमच्या रस्त्याची दर्जोन्नती कधी झाली हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जात 'इतिहास द्या' असं लिहू नका. कागदाचं नाव लिहा: दर्जोन्नतीच्या शासन निर्णयाची प्रत, रस्ते नोंदवहीतलं त्या रस्त्याचं पान. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रस्त्यात कुणाची जमीन गेली ते तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारांत सापडतं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र म्हातारी माणसं, आणि हे काम मी शेवटी ठेवलं याचं मला आजही वाईट वाटतं. कागद थांबतात. प्रतापगडाजवळच्या कुंभरोशी गावातल्या ज्या आजींकडे मी जायचं म्हणत होते, त्या मी पोचायच्या दोन महिने आधी गेल्या. विचारताना 'कुठल्या साली?' असं विचारू नका, कुणालाच सांगता येत नाही. मी सगळ्यांना आठवणाऱ्या घटनांच्या खुंट्या ठरवून घेतल्या. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. कुंभरोशीहून गडावर जाणारा फाटा त्याच वर्षीचा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर या भागात कुणी विसरलेलं नाही. 'भूकंपाच्या आधी की नंतर?' म्हटलं की डांबर कधी पडलं, पहिली एसटी कधी आली, सगळं जागेवर बसतं.

आजचंही टिपून ठेवा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि घाट ठिकठिकाणी तुटला. ते फोटो बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आहेत, पण कोणता फोटो कुठल्या किलोमीटरचा हे कुणीच लिहिलेलं नाही. आता लिहा, शेजारच्या मोरीची खूण घालून.

आणि रस्त्यावर राबलेल्यांची नावं. गव्हर्नरचं नाव पुस्तकात मिळतं. मैलकुल्यांची नावं हजेरीपटावर असत, आणि ते पट कार्यालयं मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून घरोघर सेवापुस्तकाची दुय्यम प्रत विचारा. आमच्याकडे ती पत्र्याच्या पेटीत आजीच्या लुगड्यांखाली होती. पहिल्या पानावर अंगठा, आत बदलीच्या दोन ओळी. त्यांवरून मला कळलं की आजोबांचा तुकडा मेटतळ्याजवळचा होता.