खोल समुद्राचा अभ्यास शास्त्रज्ञांसोबत कसा करावा

खोल समुद्राच्या मोहिमेवर प्रत्यक्ष जाण्याची संधी फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळते. मात्र ‘ओकेनोस एक्सप्लोरर’ किंवा ‘नॉटिलस’ यांसारख्या संशोधन नौका तळाशी सोडलेल्या आरओव्हीचे, म्हणजे दूरनियंत्रित वाहनाचे, चित्रण इंटरनेटवर थेट दाखवतात आणि त्यासोबत शास्त्रज्ञांची आपापसातली चर्चाही ऐकू येते. शिकण्यासारखे बरेचसे या चर्चेतच असते, म्हणून आवाज बंद करून नुसती चित्रे पाहू नयेत.

पूर्वतयारीला एक तासिका पुरते. सुमारे १००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, एवढे आधी समजलेले असावे. २५०० मीटरवर सुमारे २५० पट दाब असतो हे वाक्य वहीत उतरवून काही उमगत नाही. एखाद्या मोहिमेशी संपर्क झाल्यास वाहनासोबत खाली थर्माकोलचे पेले पाठवता येतील का, हे विचारावे. पेल्यांवर पक्क्या शाईने नावे लिहावीत, उंची व घेर मोजून ठेवावेत, पेले एकमेकांत अडकू नयेत म्हणून आत कागद कोंबावा आणि जाळीच्या पिशवीत भरून द्यावेत. दाबामुळे थर्माकोलमधील हवेची जागा नाहीशी होते आणि पेला कायमचा आक्रसून चिमुकला होऊन परततो. त्यावरची अक्षरेही त्याच प्रमाणात बारीक झालेली दिसतात.

वाहन तळाशी पोहोचायला एक-दोन तास लागू शकतात. हा वेळ वाया जातो असे समजून थेट तळापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, तो टाळावा. कॅमेऱ्यासमोरून सतत सरकणारे पांढरे कण म्हणजे ‘सागरी हिम’, अर्थात वरच्या थरांतील मृत जीवांचे व विष्ठेचे अवशेष, आणि तळावरील बहुतेक जीवांचे अन्न तेच आहे.

नोंदवहीत दोन रकाने आखावेत: एकात दिसले ते, दुसऱ्यात वाटले ते. वेळ, खोली व तापमान पडद्यावरून टिपावे. आकारासाठी वाहनाने समोर टाकलेल्या लेसरच्या दोन ठिपक्यांचा आधार घ्यावा. ‘ओकेनोस एक्सप्लोरर’च्या वाहनावर त्यांत १० सेंटिमीटर अंतर असते. ‘लाल, दहा भुजा, खडकाला चिकटलेला, सुमारे १५ सेंटिमीटर’ ही नोंद ‘तारामासा’ या एका शब्दापेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण शास्त्रज्ञही अनेकदा ‘बहुधा’ म्हणूनच नाव घेतात आणि नंतर ते बदलतात.

शास्त्रज्ञांना प्रश्न पाठवताना तो समोरच्या दृश्यातून निघालेला असावा. ‘तिथे कोणते प्राणी राहतात?’ याला कोणी काय उत्तर देणार? ‘या खडकावरील सगळे पंख्यासारखे प्रवाळ एकाच दिशेला का पसरले आहेत?’ असे विचारले, तर बोलणे पाण्याच्या प्रवाहाकडे आणि प्रवाळांच्या अन्न गाळून घेण्याकडे वळते. नेमक्या निरीक्षणातून निघालेला प्रश्न फार पुढे नेऊ शकतो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर सापडलेल्या उष्ण झऱ्यांवरील महाकाय नलिकाकृमींना तोंडही नाही आणि पचननलिकाही नाही. त्यांच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आढळतात हे व्याख्यानात ऐकताच, त्यांना गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवणारे आतले जिवाणू पोसत असावेत अशी शक्यता कॉलीन कॅव्हनॉ यांनी मांडली. तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

खराब हवामानामुळे वाहन उतरवणे आयत्या वेळी रद्द होऊ शकते. त्या दिवसासाठी जुन्या मोहिमेचे चित्रण हाताशी ठेवावे आणि नोंदी त्याच दोन रकान्यांत कराव्यात.