वंशसंहाराचा विषय वर्गात कसा शिकवावा
दहावीच्या वर्गात हा विषय मृतदेहांच्या छायाचित्रांनी सुरू करू नये. आधी ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या करारातील व्याख्या फळ्यावर लिहावी, कारण एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हाच तिचा गाभा आहे. मग रवांडात १९९४ साली ओळखपत्रावरील जमातीची नोंद आणि रेडिओवरील द्वेषप्रचार यांनी हत्याकांड कसे सोपे केले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतील ख्रिस्ती धर्मन्यायालयाचा, प्रश्न मुले विचारतीलच, आणि तो टाळणे मला अप्रामाणिक वाटते. तो छळही याच व्याख्येवर तपासावा, मात्र शेजारच्या बाकावरील ख्रिस्ती मुलाला त्याचा जाब कोणी विचारणार नाही, हे शिक्षकाने कटाक्षाने पाहावे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी स्वतंत्र तासिका ठेवावी.