मूल जेवत नाही, की जेवायला घाबरतं? घरच्यांनी काय पाहावं, काय बोलावं, कुठे जावं

दहावीतल्या मुलीचं वजन उतरलं की आपल्याकडे पहिल्यांदा होतं ते कौतुक. "बारीक झालीस गं, छान दिसतेस." लग्नघरात मावशी बाजूला घेऊन विचारते, "काय केलंस? मलाही सांग." मुलगी हसते. डब्यातल्या पोळ्या रोज मैत्रिणींना वाटल्या जातात हे तिलाच माहीत असतं.

खाण्याचे आजार आपल्या घरांत ओळखू येत नाहीत, कारण सुरुवातीला ते शहाणपणासारखे दिसतात. तळलेलं नको, गोड नको, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस, पहाटे उठून पळायला जाणं. यातल्या कशालाच कोणी नाव ठेवत नाही. मुलाच्या खिशात सिगारेट सापडली तर त्याच रात्री बैठक बसवणारे आईबाप इथे सहा-सहा महिने थांबतात. हा लेख त्या सहा महिन्यांत काय करायचं याबद्दल आहे.

१. नावं थोडक्यात समजून घ्या

अॅनोरेक्सियात खाणं कमी-कमी होत जातं, वजन वाढण्याची धास्ती बसते आणि हाडं दिसू लागली तरी आरशात आपण जाडच दिसतो. बुलिमियात ताबा सुटून भरमसाट खाल्लं जातं आणि मग उलटी, जुलाबाची औषधं, कडकडीत उपास किंवा अतोनात व्यायाम करून ते 'फेडलं' जातं. यात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. बिंज इटिंगमध्ये ताबा सुटतो, पण फेडणं नसतं. उरते ती लाज आणि कपाटात दडवलेली रिकामी पाकिटं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र आजाराची जागा दिली ती २०१३ मध्ये. त्याच वेळी तिथे आलेला आणखी एक प्रकार म्हणजे आरफिड. त्यात बारीक होण्याची इच्छाच नसते. घास अडकेल ही भीती, एखाद्या पदार्थाचा वास किंवा लिबलिबीतपणा सहन न होणं, यामुळे मूल चार-दोन पदार्थांवरच जगतं.

यातलं आपल्या मुलाचं नेमकं कोणतं, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पालकांनी तेवढ्यासाठी रात्रभर मोबाइल चाळू नये.

२. वजनकाटा सोडा, जेवण पाहा

मूल किती किलोचं आहे यापेक्षा ते ताटासमोर कसं बसतं, यातून जास्त कळतं. पोळीचे नखाएवढे तुकडे करणं. वरणावरचं तूप चमच्याने काढून टाकणं. "मी क्लासहून येताना खाल्लं" हे रोजचं उत्तर. घरातल्या सगळ्यांसाठी हौसेने केक करायचा आणि स्वतः बोट लावायचं नाही. जेवण झालं की लगेच बाथरूम आणि आत नळ सोडलेला. उन्हाळ्यात ढगळ फुल बाह्यांचे कपडे. एक दिवस पळणं चुकलं तर रडारड.

उपासाचं एक वेगळं लक्षण सांगते. उपास मनापासून करणारं मूल साबुदाण्याच्या खिचडीची वाट पाहतं आणि उपास सोडताना पहिल्यांदा गोडाकडे वळतं. खिचडीही नको, उपास सोडायची वेळ आली की पोट दुखतं, आणि चतुर्थीला जोडून आता सोमवार, शनिवारही सुरू झालेत, तर ते देवासाठी चाललेलं नाही. आजीला हे पटवणं अवघड जाईल, पण पटवा.

दुसरी आड घेण्याची जागा म्हणजे 'पित्त'. आपल्याकडे उलटी करून पित्त काढण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, त्यामुळे आठवड्यातून चारदा उलटी करणारी मुलगी सहज निभावून नेते. आणि कित्येक मुलं-मुली "मला जाड व्हायचं नाही" असं कधी म्हणतच नाहीत. त्यांची तक्रार असते पोट गच्च वाटतं, गॅस होतो, भूकच मेलीय. ती खोटं बोलत असतात असंही नाही. उपाशी राहिल्याने जठर खरोखरच सावकाश रिकामं होतं आणि दोन घासांनी पोट फुगतं. भारतात आणि आशियात इतरत्र डॉक्टरांनी असे रुग्ण पुष्कळ पाहिले आहेत. मग सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, जंताचं औषध होतं, आणि जेवणाबद्दल कोणी विचारत नाही.

पाळीचंही तसंच. ती थांबली की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो पीसीओडी. पण कमी खाण्यानेही पाळी थांबते. अशा वेळी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर महिन्याला रक्तस्राव होतो, घर निश्चिंत होतं आणि खरं कारण झाकलेलंच राहतं. पीसीओडीच असेल आणि "आधी वजन कमी कर" एवढंच सांगून मुलीला घरी पाठवलं असेल, तरी तिच्या ताटाकडे लक्ष ठेवा. डाएटची सुरुवात कधी कधी अशा चिठ्ठीतूनच होते.

मुलग्यांकडे कोणी पाहतच नाही. त्यांना बहुतेकदा बारीक व्हायचं नसतं, पिळदार व्हायचं असतं. पण चौदाव्या वर्षी आईने केलेली भाजी नाकारून उकडलेल्या अंड्यांचे पांढरे भाग मोजणं, जिम बुडेल म्हणून मामेभावाच्या लग्नाला न जाणं, प्रोटीन पावडरच्या डब्याशेजारी कुठलीशी निनावी इंजेक्शनं सापडणं, ही त्याच आजाराची दुसरी बाजू. त्यांनाही हडकुळा, जाड्या, ढोल्या ही नावं कुणीतरी ठेवलेलीच असतात.

३. 'नाटकं' हा शब्द आधी डोक्यातून काढा

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली एक प्रयोग झाला. युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवलं. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं, पण पाहण्यासारखं होतं ते मनाचं. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण तासभर लांबवू लागली, ताटल्या चाटू लागली. चिडचिड, औदासीन्य, थंडी वाजणं, माणसांत न मिसळणं. यातल्या एकालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. उपासमारच मेंदूला असं वागायला लावते. म्हणून तुमची गोड स्वभावाची मुलगी आता पोळीवरून थाळी आपटत असेल, तर तिच्यावरचे संस्कार कमी पडलेले नाहीत. तिचा मेंदू उपाशी आहे, आणि उपाशी मेंदूशी वाद घालून जिंकता येत नाही.

सुरुवात कशी होते, याचं उत्तर एका कारणात बसत नाही. आनुवंशिकता असते, परिपूर्णतेचा ध्यास असलेला स्वभाव असतो, नैराश्य आणि चिंता असते, आणि भोवतालचं वारं असतं. ते वारं किती लवकर लागतं याचं उदाहरण फिजीचं आहे. तिथे भरलेल्या अंगाचं कौतुक व्हायचं. तिथल्या एका प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला तेव्हा पाहणीतली एकही शाळकरी मुलगी वजनासाठी उलटी करत नव्हती. १९९८ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक मुलींनी तसं केल्याचं सांगितलं. तेव्हा रील नव्हते, चेहरा निमुळता करणारे फिल्टर नव्हते.

त्यात वय आडवं येतं. वयात येताना मुलींच्या मांड्यांवर, कंबरेवर चरबी येणं हा वाढीचा भाग आहे. नेमकं तेव्हाच कोणी "अंग फारच सुटलंय हं" म्हणालं, की ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं. बोलणारा दुसऱ्या दिवशी विसरलेला असतो.

४. बोलायला बसा, पण ताटावर नाही

जेवणाच्या वेळी विषय काढू नका. गाडीत शेजारी बसून, कपडे वाळत घालताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागणार नाही अशा वेळी काढा. आईबाबांनी आधी आपसांत ठरवून घ्या, नाहीतर एकाने टोकायचं आणि दुसऱ्याने "जाऊ दे गं" म्हणायचं, असं होतं.

जे दिसलं तेवढंच सांगा. "महिन्याभरात तू आमच्याबरोबर रात्री जेवलेली मला आठवत नाही. परवा जिन्यात तुला चक्कर आली. मला काळजी वाटते." यापुढे गप्प बसा. "हाडाचा सापळा झालीयेस" म्हणू नका. आजारी मुलीला ती पावती वाटते. "आफ्रिकेतल्या मुलांना खायला मिळत नाही" नको. "माझ्यासाठी दोन घास खा" हेही नको, कारण खाल्लं नाही की तिच्या डोक्यावर तुमचं दुःखही बसतं.

ती नाही म्हणेल. चिडेल. "तुम्हीच तर सांगत होता गोड कमी खा" असं म्हणेल, आणि ते खरंही असेल. तेव्हा "हो, चुकलं आमचं" म्हणून टाका. डॉक्टरांकडे जायचं की नाही हा मात्र तिच्या मर्जीचा प्रश्न ठेवू नका. ताप १०३ असताना आपण मुलांना विचारत बसत नाही.

५. डॉक्टर: आधी शरीर, लगोलग मन

पहिली भेट बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनची. "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या" म्हणू नका. खाणं कधीपासून कमी झालं, उलट्या, व्यायाम, पाळी, जुनं वजन हे कागदावर लिहून न्या. झोपून आणि उभं राहून नाडी आणि रक्तदाब, शरीराचं तापमान, ईसीजी, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट हे तपासायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून आजार नाही असं होत नाही. शरीर बराच काळ तोल सांभाळत राहतं.

जागेपणी शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली, उभं राहिल्यावर भोवळ, छातीत धडधड, दिवसभर पाणीही न पिणं, उलटीत रक्त, किंवा जीव द्यावासा वाटतो असं बोलणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानसिक आजारांत अॅनोरेक्सिया हा सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी एक आहे.

मग मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. खाण्याच्या आजारांवर काम केलंय का, असं सरळ विचारा. प्रत्येकाने केलेलं नसतं. आहारतज्ज्ञाकडे जाताना तो वजन उतरवण्याचे तक्ते देणारा नको. गावात कोणीच नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात विचारा. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. आणि विम्याचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं असतं. पॉलिसी काढून वाचा.

६. काही महिने ताट तुमच्या हातात

किशोरवयातल्या अॅनोरेक्सियासाठी कुटुंबाला हाताशी धरून करायची पद्धत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आली. तिचा गाभा आपल्या आज्यांना नवा वाटणार नाही: मूल आजारी आहे तोवर काय आणि किती वाढायचं हे मोठी माणसं ठरवतात. वजन आणि पाळी सावरू लागली की जबाबदारी हळूहळू परत मुलाकडे. शेवटी अभ्यास, मैत्री, वयाचे बाकीचे प्रश्न.

प्रत्यक्षात याचा अर्थ तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, ठरलेल्या वेळी, शेजारी मोठं कोणीतरी बसलेलं. वाढताना वाटाघाट नाही. "अर्धी पोळी चालेल का?" याला शांतपणे "नाही, पानात आहे तेवढं" एवढंच उत्तर. बोलणं क्रिकेटवर, शेजारच्या मांजरीवर, कशावरही, फक्त खाण्यावर नको. जेवणानंतर तासभर एकत्र बसा: पत्ते, मालिका, काहीही. एका जेवणाला दीड तास लागेल, वरण थंड होईल, तुम्हाला रडू येईल. आत्या, मामा, आजोबा यांना पाळ्या लावून द्या. नोकरी करणाऱ्या आईने एकटीने हे ओढायचं नाही.

दोन सावधगिरी. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयावर बेततं, म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि उलटी झालीच तर लगेच दात घासू देऊ नका. साध्या पाण्याने चूळ भरू दे, आम्लाने मऊ झालेला दातांचा थर ब्रशने निघतो.

७. 'तब्येत सुधारली' म्हणू नका

मुलगी सावरू लागली की गणपतीत पाहुणे येतात आणि मनापासून म्हणतात, "वा, तब्येत सुधारली हो आता!" आपल्याकडे याचा अर्थ वजन वाढलं असा होतो, आणि तिला तो बरोबर कळतो. त्या रात्री ती जेवत नाही. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा: दिसण्यावर काही बोलू नका, "किती दिवसांनी भेटलीस" एवढं पुरे. वजनकाटा घरातून उचलून ठेवा, वजन डॉक्टरांकडेच. बाबांनी स्वतःच्या ढेरीवरचे विनोद आणि आईने "आज दोन जिलब्या खाल्ल्या, उद्या उपास" हे बंद करायचं आहे. मुलं हे ऐकतात.

दहावीनंतर बाहेरगावी, हॉस्टेलवर ठेवायची घाई करू नका. मेसचं जेवण, एकटेपणा, प्रवेशपरीक्षेचं ओझं, आणि ताटाकडे बघायला कोणी नाही. जावंच लागलं तर तिथल्या डॉक्टरांशी आधीच गाठ घालून द्या, महिन्याला एकदा वजन तिथे होईल असं ठरवा, आणि कोणत्या आकड्याला किंवा कोणत्या लक्षणाला घरी परत यायचं हे मुलीच्या समोर, तिच्या हाताने कागदावर लिहून घ्या. एक प्रत तिच्याकडे, एक तुमच्याकडे.