आउटबोर्ड मशीन स्लो रेसवर अडखळतं तेव्हा

रेस दिली की होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड मशीन नीट पळतं, पण स्लोवर गचके खातं किंवा बंद पडतं? मग बहुतेक वेळा कार्ब्युरेटरचा स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारी बारीक नळी) तुंबलेला असतो. त्याचं भोक केसाएवढं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर तिथेच आधी बसतो.

तरी कार्ब्युरेटर लगेच उघडू नका. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. सगळं पेट्रोल बदला, फिल्टरही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून किनाऱ्यावर हे फार घडतं. टू-स्ट्रोकला ५०:१ मिश्रण असेल तर १० लिटरला २०० मिली ऑइल. ऑइल जास्त झालं की स्पार्क प्लग काळे, ओले होतात.

आता मशीन पाण्याच्या पिंपात चालू करा (कोरडं चालवलं तर इम्पेलर, म्हणजे मशीन थंड ठेवणारं पाणी ओढणारा रबरी पंखा, जळतो). इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची टोपी काढा, ती लगेच ब्लॉकला टेकवा. ज्या सिलिंडरची टोपी काढूनही आवाज बदलत नाही, दोष तिथे. आधी प्लग बदलून पाहा.

फरक नाही? मग जेट काढा, कार्ब क्लीनर मारा, हवा द्या. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी हलकेच आत घट्ट करत फेरे मोजा, बसवताना तेवढेच उलटे सोडा.